प्रिंटर ड्रायव्हरचे अकरा जीबी

लोक कॉम्प्युटर दुरुस्तीला आणतात तेव्हा घरातली घाणही बरोबर घेऊन येतात. मालवणच्या बाजारात माझं लहानसं दुकान आहे, आणि इतक्या वर्षांत कॅबिनेटच्या आत काय काय पाहिलं ते सांगायला बसले तर तुम्हाला दोन दिवस जेवण जाणार नाही. पालीची अंडी. पंख्याला चिकटलेल्या झुरळांच्या लेंड्या. एकदा तर अख्खा उंदीर, वाळून कडकडीत झालेला, आणि गिऱ्हाईक वर तोंड करून मलाच विचारतंय, "ह्येच्यातसून वास कसलो येता गो?" पण त्या दोन भावांनी माझ्या काउंटरवर जे कॅबिनेट आणून आपटलं, त्याच्यासारखी किळस मला पुन्हा कशाची आली नाही. सुकटीच्या डब्याशेजारी माळ्यावर ठेवलं होतं म्हणे वर्षभर. झाकण उघडलं आणि मी तोंडावर ओढणी धरून मागच्या दारी गेले.

त्यांचे वडील लग्नांचं शूटिंग करायचे. तालुक्यात त्यांना सगळे ओळखत. लग्न, मुंज, बारसं, जत्रा, दशावतार, काही म्हणून सोडलं नाही. माझ्याकडे कधी केबल, कधी माउस घ्यायला यायचे आणि मी दर वेळी सांगायचे, "काका, एकाच डिस्कवर सगळं ठेवू नका हो." ते हसायचे. आदल्या वर्षी ते गेले. वीस वर्षांचं सगळं शूटिंग त्या एका दोन टीबीच्या डिस्कवर ठेवून गेले.

थोरला काजू-आंब्याचं बघतो, गावात असतो. धाकटा गोव्यात नोकरीला. थोरल्याने सुरुवात एकदम कचेरीतल्या मराठीत केली, अर्ज वाचून दाखवावा तशी. "मॅडम, या हार्ड डिस्कचे दोन समान भाग करून मिळावेत."

मला वाटलं, काहीतरी गोंधळ आहे. मी म्हटलं, "अहो, भाग कशाला? मी सगळं तुम्हाला दोघांनाही देते ना. दोन डिस्का आणा, दोन कॉपी करते. यालाही सगळं, त्यालाही सगळं."

"कॉपी नको," धाकटा म्हणाला. "माका माझो वाटो व्हयो."

"तेच सांगतेय. अर्ध्याच्या ऐवजी पूर्ण मिळतंय तुम्हाला."

"पण माझ्या वाट्याचा तेच्याकडे रवता नये," थोरला म्हणाला, आणि त्याची कचेरीतली मराठी तिथेच संपली.

मी कपाळाला हात लावला. आमच्याकडे वाटणी म्हटली की माणसांच्या डोक्याचं काय होतं कोण जाणे. विहिरीवर पाळ्या लावतात. एका आंब्याच्या झाडाचं एक वर्ष याचं, एक वर्ष त्याचं. मी असं घर पाहिलंय जिथे ओटीच्या मधोमध ऑइलपेंटची रेघ मारलीय आणि दोन्ही बाजूंचं शेण वेगवेगळ्या दिवशी सारवलेलं असतं. पण झाडाचं एक ठीक आहे, झाड एकच असतं. जी वस्तू दोघांनाही अख्खी मिळू शकते, तिचे हट्टाने तुकडे मागणारी माणसं मी तेव्हा पहिल्यांदा बघितली. असा वीट आला मला!

त्यांची आई दाराजवळच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती. कोणी तिला आत ये म्हटलं नव्हतं. दोघे गाडीतून मॉनिटर काढायला बाहेर गेले तेव्हा ती उठून काउंटरशी आली.

"बाय," ती हळूच म्हणाली, "तेच्यात माझ्या चेडवाचा काय आसा काय बघशीत? एखादो फोटो?"

तिची मुलगी, दोन्ही मुलग्यांच्या पाठची. सात-आठ वर्षांपूर्वी तिने आरोंद्याच्या एका ख्रिश्चन मुलाशी लग्न केलं, ते तिथल्या इगर्जीत, म्हणजे चर्चमध्ये. बाजारात सगळ्यांना माहीत होतं. भावांनी घरातले तिचे सगळे फोटो चुलीत घातले होते. ग्रुप फोटोतून तिचा तेवढा तुकडा कापून काढला होता. आणि काकांनी घरात सांगून टाकलं होतं की लग्नाला इथलं कोणी जायचं नाही, तिच्या आईने तर मुळीच नाही. म्हातारी गेली नव्हती. तेव्हापासून तिने पोरीचं तोंड पाहिलेलं नव्हतं.

"बघते काकी," मी म्हटलं.

डिस्क साफ करायला मला अर्धा दिवस लागला. कनेक्टरवर हिरवट बुरशी, आणि कॅबिनेटच्या कोपऱ्यात मुंग्यांनी मातीचं घर केलेलं. ब्रशने खरवडताना दोनदा ओकारी आली. नशिबाने डिस्क चालू झाली. भाग पाडायचे म्हणजे आधी डिस्क कोरी करावी लागते, म्हणून मी त्यातलं सगळं माझ्या दुकानातल्या मोठ्या डिस्कवर उतरवायला लावलं आणि फोल्डर चाळत बसले.

काकांची नावं द्यायची पद्धत म्हणजे आनंदच होता. नवीन. नवीन एक. नवीन नवीन. शेवटचे. शेवटचे खरे. लग्नांना तेवढी गावांची नावं होती. मुलीचं काहीच दिसेना. मग आकार बघताना एका ठिकाणी नजर अडकली. "प्रिंटर ड्रायव्हर" नावाचं फोल्डर, आणि वजन अकरा जीबी. प्रिंटरचा ड्रायव्हर अकरा जीबीचा असतो का कधी! उघडलं. पहिल्याच व्हिडिओत इगर्जीचा दरवाजा, मेणबत्त्या, आणि पुढे पांढऱ्या झग्यात पाठमोरी नवरी. मी लगेच बंद केलं. दुसऱ्याच्या घरातलं बघत बसायची मला सवय नाही.

म्हणजे काका गेले होते. सगळ्या घराला जाऊ नका सांगून स्वतः कॅमेरा घेऊन गेले होते, आणि जिथे कोणी कधी हात लावणार नाही अशा नावाखाली लपवून ठेवलं होतं.

मी ठरवलं, हे पेनड्राइव्हवर घालून म्हाताऱ्या बाईला गुपचूप देऊ. ठरवलं आणि राहिलं. त्या आठवड्यात एका पतसंस्थेचा सर्व्हर बंद पडला, मग माझ्या भाच्याची मुंज आली, आज करू, उद्या करू. दहा मिनिटांचं काम. तेवढंही माझ्याने झालं नाही. दुसऱ्यांच्या घाणीला नावं ठेवते मी, पण या आळसाची मला अजून शिसारी येते.

पुढच्या रविवारी तिघेही सकाळीच हजर. आईला त्याच दिवशी थोरल्याकडून धाकट्याकडे जायचं होतं. सहा महिने इथे, सहा महिने तिथे, तिचंही तसंच ठरलेलं होतं. तिची कपड्यांची पिशवी खुर्चीच्या पायाशी होती. दोघांना डिस्कचे भाग डोळ्यांसमोर करून हवे होते.

मी हे काम कमांड लाइनवर करते, म्हणजे काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करून. माउसने रंगीत पट्ट्या ओढायला सोप्या वाटतात, पण हात घसरला की भलतीच डिस्क जाते. आधी सगळ्या डिस्कांची यादी मागवायची. मशीन त्यांना आपल्या मनाने नावं देतं, आज एसडीबी तर उद्या तीच एसडीसी, त्यामुळे नावावर माझा काडीचा विश्वास नाही. मी डिस्क हातात घेऊन पाठीवरचा नंबर मोठ्याने वाचते, पडद्यावरचा वाचते, पुन्हा एकदा हातातला वाचते, मगच पुढे. मग डिस्कला लेबल. हे चिकटवायचं लेबल नव्हे. डिस्कचे किती भाग, कोणता कुठून कुठपर्यंत, याचा तक्ता जिथे राहतो त्याला लेबल म्हणतात. ते नवीन टाकलं की जुनं सगळं गेलं. मशीन विचारतं, सगळं जाईल, चालेल का? मी हो टाइप केलं.

"थांब थांब," थोरला ओरडला. "ह्या काय? हय अठराशे बासष्ट जीबी दिसता. बाबांनी दोन टीबी म्हणान घेतली होती. दोन हजार व्हये."

"अहो, कंपनी हजाराने मोजते आणि मशीन एक हजार चोवीसने. मोजायची पद्धत वेगळी. डिस्क तेवढीच आहे."

"मगे एकशे अडतीस खंय गेले?"

"कुठे जाणार? कुठेच गेले नाहीत."

"तुया काढून घेतलंस?" धाकट्याने विचारलं. अगदी सरळ माझ्या तोंडावर.

मी हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला, नाहीतर काय केलं असतं सांगता येत नाही. दुकानातली कोरी करकरीत, पाकीट न फोडलेली दोन टीबीची डिस्क आणली, त्यांच्यासमोर फोडली, लावली. तिच्यातही अठराशे बासष्ट. तरी थोरला पाकीट उलटंपालटं करून बघत होता, मी आधीच फोडून परत चिकटवलं की काय! शी! बापाच्या डिस्कमधलं काय बघायचंय याचं एकदाही नाव नाही, आणि मोजणी मात्र शेवटच्या एमबीपर्यंत.

दोन भाग पाडले, अगदी सारखे. प्रत्येक भागाला ज्याचं त्याचं नाव दिलं. मग माझ्या मोठ्या डिस्कवरची फोल्डरं एकेक वाचायची आणि कोणाच्या भागात जाणार ते लिहायचं. सगळं लिहून झालं की मग कॉपी. हे दशावताराचं माझं, ती जत्रा तुझी. चुलतभावाच्या लग्नावरून तर वीस मिनिटं भांडले, कारण त्यात दोघेही नाचले होते. शेवटी लग्न थोरल्याला आणि वरात धाकट्याला. मी लिहून घेत होते. अंगाला काहीतरी बुळबुळीत लागल्यासारखं वाटत होतं.

प्रिंटर ड्रायव्हर मी वाचलंच नाही. पुढे सरकले.

"ह्या कसला?" थोरल्याचं बोट पडद्यावर. "अकरा जीबी?"

"ड्रायव्हर आहे. प्रिंटरचा."

"अकरा जीबी म्हणजे अकरा जीबी. अर्धा-अर्धा कर."

धाकटा गोव्यात कॉम्प्युटरसमोरच बसतो. तो म्हणाला, "प्रिंटरचो ड्रायव्हर इतको मोठो कसो? उघड बघूया."

काय करणार होते मी? उघडलं. पांढरा झगा दिसला, मग क्षणभर नवरी वळली आणि चेहरा दिसला. माझं लक्ष दाराकडे गेलं. म्हातारी खुर्चीवरून अर्धी उठली होती.

"बंद कर," थोरला म्हणाला.

बंद केलं.

"ह्या माका नको," धाकटा म्हणाला.

"माकाय नको. पुसून टाक गो ह्या. आमच्यासमोर पूस. तुझ्याकडेय रवता नये."

आणि आता जे सांगते ते सांगायची लाज वाटते. मी काळा पडदा समोर ओढला आणि पुसून टाकायचा हुकूम टाइप केला. काकांची डिस्क नुकतीच कोरी केलेली. त्या व्हिडिओची जगात ती एकच प्रत उरली होती, आणि ती माझ्या हाताखाली होती, हे मला पूर्ण माहीत होतं. म्हातारीने माझ्याकडे काय मागितलं होतं तेही माहीत होतं. पण गिऱ्हाईक सांगतंय, माल त्याचा, आपण कशाला मध्ये पडा, ही सवय इतकी मुरलेली की बोटं आपोआप चालली. फोल्डरचं नाव टाइप करून झालं. एंटर तेवढी राहिली होती.

"थांब," म्हातारी म्हणाली.

ती काउंटरपर्यंत आली आणि दोन्ही हात काचेवर टेकून उभी राहिली. मुलांकडे तिने बघितलंही नाही, माझ्याशीच बोलली. "ह्या दोघांका वाटो गावलो. माझो वाटो खंय आसा?"

"तुका कित्याक गो, आये?" थोरला हसला. "तू काय करतलंस डिस्कात?"

"ता माझा मी बघीन. बायकोक वाटो असता. तलाठ्यान वारसात माझा नाव लावल्यान तेव्हा तुमीच सही केलास. तसोच हयसर घाल."

धाकट्याने एवढंच विचारलं, तिच्या वाट्याची जागा दोघांतून सारखी जाणार ना. आवशीक खाव, आई समोर उभी आहे आणि याला जागा! मी म्हटलं, सारखी जाणार, बाबा, सारखी. टाइप केलेला हुकूम खोडला. दोन्ही भाग अजून रिकामेच होते, ते काढून टाकले आणि तीन पाडले. दोन मोठे सारखे, तिसरा लहान. मोठ्यांना पूर्वीचीच नावं दिली. तिसऱ्याच्या नावाची जागा मशीनने रिकामी सोडून वाट बघितली.

"काकी, याला तुमचं नाव घालू?"

तिने मुलीचं नाव सांगितलं. स्वच्छ, मोठ्याने, घरचं लाडाचं नाही, पाळण्यातलं पूर्ण नाव. थोरल्याचे कान लाल झाले. मी प्रत्येक अक्षर नीट टाइप केलं आणि एंटर दाबली.

कॉपी व्हायला संध्याकाळ होणार होती. आणि आता, तीन भाग पाडून झाल्यावर, त्या दोन शहाण्यांच्या लक्षात आलं की भाग तीन असले तरी पेटी एकच आहे. ती राहणार कोणाकडे? पुन्हा आवाज चढले. शेवटी तोडगा निघाला, डिस्क सहा महिने याच्याकडे आणि सहा महिने त्याच्याकडे, आईबरोबरच न्यायची-आणायची. दोघांनाही हे एकदम पटलं. मग भूक लागली म्हणून जेवायला गेले. आईला येतेस का म्हणून विचारलंदेखील नाही. ती उपाशी आहे हे मलाच सुचलं. मी शेजारून चहा आणि पाव आणला. तिने चहा घेतला.

"बाय, दाखव माका," ती म्हणाली.

मी तिला आत माझ्या खुर्चीवर बसवलं आणि व्हिडिओ लावला. काकांनी शेवटच्या बाकामागे, दाराजवळ उभं राहून घेतलेलं होतं. ज्यांनी अख्ख्या तालुक्याची लग्नं अगदी जवळून, नवरीच्या नथीपर्यंत जाऊन टिपली, त्यांनी आपल्या मुलीचं लग्न चोरासारखं लांबून. म्हातारी पडद्याच्या अगदी जवळ गेली. पाठच दिसत होती, तरी ती बघत होती. "बारीक झाली," एवढंच म्हणाली.

मग लग्न लागलं, माणसं उठली, आणि मुलीने बापाला पाहिलं. गर्दीतून ती थेट कॅमेऱ्याकडे आली. रडत होती, हसत होती. पहिलं वाक्य तिचं असं, "बाबा, आई खंय?"

कॅमेरा हलला. काकांचा आवाज आला, अगदी जवळून. "तिका येवचा नव्हता."

मुलीचा चेहरा असा काही पडला की मी पटकन हात पुढे करून व्हिडिओ थांबवला. म्हातारीने माझा हात बाजूला केला. "परत लाव." मी परत लावलं. आई खंय? तिका येवचा नव्हता. तिने तिसऱ्यांदा लावायला सांगितलं नाही.

मला काकांची इतकी चीड आली. मेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये, पण आली. घरी हिला सांगितलं जायचं नाही, आणि तिथे जाऊन पोरीला सांगितलं की तिला यायचं नव्हतं. दोन्हीकडून आपण नामानिराळे. सात-आठ वर्षं ती पोरगी हेच धरून बसली असेल.

"माका जाव नको म्हणान सांगितल्यानी," म्हातारी म्हणाली. आवाज चढला नव्हता. "त्या दिवशी मी सकाळपासून नवी साडी नेसान चुलीकडे बसलेलंय. म्हटला, बोलावतीत. मगे हे एकटेच कॅमेरो घेवन गेले. कुडाळाक साखरपुडो आसा म्हणाले."

ती उठली. पिशवी उचलली. "आरोंद्याची गाडी कितीक वाजता?"

"काकी, व्हिडिओ? संध्याकाळपर्यंत होईल. पेनड्राइव्हवर देते, आत्ता देते."

"ता माका नको. ता बघून काय करू? तिका सांगाक व्हया." तिने साडीचा पदर कमरेला खोचला. "घर म्हाईत नाय, पण इगर्जीकडे इचारीन. सांगतीत कोणतरी."

मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि तिला स्टँडवर घेऊन गेले. सावंतवाडीची गाडी लागलेली होती, पुढे तिथून आरोंद्याची मिळते. कंडक्टरला दोनदा बजावलं. ती खिडकीशी बसली, पिशवी मांडीवर घेऊन. गाडी सुटेपर्यंत मी उभी होते. तिने मागे वळून पाहिलं नाही.

दोघे पाचच्या सुमाराला आले, तोंडाला सुरमईचा वास. थोरल्याने आल्या आल्या विचारलं, "झाली कॉपी?" झाली होती. त्याने आपला भाग उघडून आकार बघितला, मग भावाचा बघितला. मग धाकट्याने तेच पुन्हा केलं. एक-एक फोल्डर यादीशी ताडून बघितलं. मी मुद्दाम गप्प बसले, घड्याळाकडे बघत. पाऊण तास गेला. थोरल्याने डिस्क काढली, रुमालात गुंडाळली, धाकट्याच्या गाडीत नेऊन ठेवली. मग धाकट्याला आठवलं की डिस्कबरोबर आईलाही न्यायचंय, आणि तो दारातून परत आला. त्याने खुर्चीकडे पाहिलं.

"आये खंय?"

"आरोंद्याक गेली."

तो काउंटरशी आला. "कोणाक इचारून?"

"कोणाकच नाय," मी म्हटलं.